अर्ध्या बोटाची चिमूट

राजगुरुनगरच्या अलीकडे भीमेचा एक डोह आहे. तिथे दर गुरुवारी अकरा माणसं गळ टाकून बसतात. त्यांपैकी मासा एकालाच लागतो. साहेबरावकाकांना. उरलेल्या दहा जणांच्या गळाला आजवर एक चप्पल, गुटख्याच्या पुड्यांची माळ आणि कुठल्यातरी कंपनीचं आयकार्ड एवढंच लागलेलं आहे. ही परिस्थिती गेली नऊ वर्षं कोणत्याही चौकशीविना सुरळीत चालू होती.

गुरुवारच का, तर आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते. बाकीचं जग रविवारी आराम करतं तेव्हा आम्ही फर्स्ट शिफ्टला असतो.

त्या दहांमधला एक मी. संघर्ष. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आहे म्हणजे ट्रेनी आहे. तीन वर्षं ट्रेनी आहे. आईवडिलांनी नाव मोठ्या आशेनं ठेवलं होतं, कंपनीच्या एचआरनं ते फारच मनावर घेतलं.

साहेबरावकाका भोसरीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते, एकतीस वर्षं. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. अर्धी प्रेसनं नेली. ती कंपनी आता नाही, तिथे सोफ्यांचं गोडाऊन आहे. काका येतात, एका काळ्या दगडावर बसतात, पीठ आणि पेंड मळून त्याची गोळी गळाला लावतात आणि गप बसतात. तासाभरात रोहू. अजून तासाभरानं दुसरा. मग उठतात आणि जातात.

आणि एक प्रभाकरराव. निवृत्त हेडक्लार्क. कुठल्या कार्यालयात होते ते मी सांगत नाही, तेही सांगत नाहीत. बावीस वर्षं गळ टाकतात. त्यांचं आमिष डब्यात, डबा पिशवीत, पिशवीला चेन, चेनला छोटं कुलूप. पीठ मळताना आमच्याकडे पाठ करतात. मी एकदा विचारलं, "काय घालता ओ पिठात?"

"ते असं उघड सांगता येत नाही."

"का?"

"जुन्या माणसांनी नव्यांना सगळं सांगितलं, की मासे संपतात. हा नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिला असता तर नव्यांनी वाचला नसता का?"

बावीस वर्षांत त्यांना स्वतःला किती मासे लागले, हीसुद्धा गोपनीय बाब होती.

काकांचं बरोबर उलट. कुणीही विचारावं. "इचार की, मी कधी न्हाई म्हणलो?" पण कुणी विचारायचंच नाही. जो माणूस लगेच सांगतो त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं आमचं मत होतं. सगळे प्रभाकररावांच्या पिशवीकडे बघत बसायचो.

*

मार्चमध्ये डोहावर सलिल सर आले.

सलिल सर म्हणजे आमच्या प्लांटचे ऑपरेशन्स हेड. पिंपळे सौदागरला सतराव्या मजल्यावर राहतात. बीपी वाढलं म्हणून डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एकदा पाण्याच्या काठी शांत बसत जा. सरांनी त्याचं टार्गेट करून टाकलं. परदेशी रॉड आला, रीळ आलं, घडीची खुर्ची आली, एकोणीस खिशांचं जॅकेट आलं. तीन गुरुवार सर काठावर बसून फोनवर मीटिंगा घेत होते. तीन गुरुवार शून्य मासे. शेजारच्या दगडावर काकांना सहा.

शुक्रवारी मला केबिनमध्ये बोलावणं. टेबलावर माझी फाइल होती. कायम करायची फाइल. फाइलवर सरांच्या चहाचा कप होता. कपाखाली जुने गोल डाग होते, बरेच.

"संघर्ष, त्या काकांना लागतो, मला नाही. गॅप काय आहे?"

"सर, ते गप बसतात."

"ते सोड. प्रोसेस काय आहे?"

"प्रोसेस तीच आहे, सर."

सर हसले. मग उठून खिडकीजवळ गेले. सर खिडकीजवळ गेले की कुणाला तरी ओव्हरटाइम लागतो.

"हे सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आहे. केवढी रिस्क. उद्या काका गेले तर?"

"कुठे, सर?"

"गेले तर, रे."

"हां."

"जाणकारांनी नवख्यांना दिलंच पाहिजे. ज्ञान अडवून ठेवणं हा माज आहे. तू एसओपी लिही, टप्प्याटप्प्याची लेखी पद्धत. कुणीही वाचली की त्याला मासा लागला पाहिजे. प्रोजेक्टचं नाव 'ज्ञानगळ'. मेअखेर रिव्ह्यू. आउटपुट काय, तर मला एक मासा." मग कप उचलून फाइलकडे बघितलं. "तुझं पण मेअखेरच आहे ना? दोन्ही एकत्रच क्लोज करू."

आता इथे माझी तत्त्वं वगैरे काही नव्हती, खरं सांगतो. तीन वर्षांत दोन बॅचा माझ्यासमोर घरी गेल्या होत्या. ज्यांना मी मशीन शिकवलं तीच पोरं. सरांना एक मासा लागणं आणि मला नोकरी लागणं यांत आता काहीच फरक उरला नव्हता.

*

पुढच्या गुरुवारी काकांसमोर फॉर्म घेऊन बसलो. रकाने पाच. टप्पा, कृती, साधन, प्रमाण, शेरा.

"काका, गोळीला पीठ किती घ्यायचं?"

"चिमूटभर."

"किती ग्रॅम?"

"अरं, चिमूट म्हंजी चिमूट."

"कुणाची?"

"ज्याची त्याची."

'ज्याची त्याची' हे प्रमाण होऊ शकत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच शिकवलेलं. मी फोटो काढला. अंगठा, मधलं बोट, मध्ये पिठाची गोळी.

"लिहून घे," काका म्हणाले, "दोन लागले की उठायचं. घरात दोन माणसं, तिसरा मासा कुणासाठी? आन् पोट फुगलेली लागली तर पाण्यात माघारी. ती अंड्यावर असती. एवढंच हाय बघ सगळं. बाकी गप बसायचं."

मी लिहायला गेलो तर रकानाच नाही. फॉर्म होता काय करावं याचा. काय करू नये याला जागा नव्हती. शेऱ्यात लिहावं, तर ट्रेनिंगच्या ऋता मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात आधीच सगळीकडे 'लागू नाही' छापून ठेवलेलं. पूर्वी लोक तिथे काहीही लिहायचे म्हणून.

शुक्रवारी सरांनी फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ.

"संघर्ष. हे बघितलंस? तर्जनी वापरतच नाहीत ते."

"सर, ते बोट प्रेसमध्ये—"

"हेच! हेच ते! मी म्हणत होतो ना, काहीतरी आहे. सगळे अंगठा आणि तर्जनीनं गोळी करतात. हे मधल्या बोटानं करतात. त्यांना स्वतःलाही माहीत नाही, ते काय करतायत!"

"सर, त्यांना माहितीय. बोट तुटलंय."

"ती बॅकग्राउंड झाली. एसओपीत बॅकग्राउंड नको."

अशा रीतीने टप्पा क्रमांक चार अस्तित्वात आला. 'तर्जनी दुसऱ्या पेऱ्यातून आत दुमडून ठेवावी. आमिष अंगठा व मधले बोट यांच्या चिमटीत धरून गोल करावे.' टूलरूमनं गोळी तपासायला स्टीलचं गेज बनवलं. एका भोकातून गोळी गेली पाहिजे, दुसऱ्यातून नाही गेली पाहिजे. खाली सही, तयार करणार: संघर्ष. मंजूर करणार: सलिल सर. माझ्या सहीची जागा बरीच मोठी होती, तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

*

एसओपी सरांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती दुसऱ्या सोसायटीत, मग रावेतला, मग कुठे गेली ते कळायचं बंद झालं. काळ्या दगडाशेजारी क्यूआर कोडचा बोर्ड लागला. पहिल्या गुरुवारी चाळीस माणसं आली. तिसऱ्या गुरुवारी दोनशेच्या वर. खडकांवर पिवळे पट्टे मारले, कुणी कुठे बसायचं, बादली कुठे, चप्पल कुठे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. वडापाव आला. वडापाव आला की ती जागा अधिकृत होते.

आणि दोनशे शिकली-सवरलेली माणसं एक बोट दुमडून पिठाच्या गोळ्या करत होती. काहींचं बोट सारखं सरळ व्हायचं, त्यांनी चिकटपट्टी लावलेली. एकाच्या बोटात चक्क रबरी टोपण होतं. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळायला लागलंय म्हणाला, डाव्या हाताचं पण आहे.

काका काठीला टेकून बघत उभे होते.

"संघर्षा, ह्या समद्यांची बोटं कुठल्या प्रेसवर गेली रं?"

मी म्हणालो, "काका, तुमचं बघून करतायत."

"मग त्यांला सांग की."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"का?"

"लिहिलेलं आहे ना."

दोनशे गळ पाण्यात पडल्यावर काहींना मासा लागणारच. लागला. त्या माणसांनी बोटाचे फोटो टाकले. झालं, पद्धत सिद्ध झाली. भराभर मासे निघायला लागले. एक बाई... बाई म्हणजे मासोळी, पोट टम्म, एकानं वर काढली तसे काका धावले. "अरं सोड तिला! पोटुशी हाय ती!"

तो माणूस सभ्य होता. त्यानं आधी मोबाईल काढून एसओपी बघितली, वरपासून खालपर्यंत.

"काका, असं काही दिलेलं नाही यात."

"मी सांगतोय की!"

"तुम्ही कोण?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघितलं.

*

गर्दी आवरेना तेव्हा ऋता मॅडमनी परीक्षा आणली. दहा प्रश्न. पास झाला त्यालाच काठावर जागा. सोबत स्किल मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग. कौशल्य वाढेल तसा एकेक भाग काळा करायचा. चारही काळे झाले की तो माणूस इतरांना शिकवू शकतो. कंपनीत हा तक्ता मशीनजवळ असतो. डोहावर तो बाभळीला लावला.

काकांनाही परीक्षा द्यावी लागली. सर्वांना समान नियम. प्रश्न चार असा होता, 'तर्जनी दुमडण्याचे कारण सांगा.' काकांनी लिहिलं, 'प्रेसमध्ये गेली. १९९८. सेकंड शिफ्ट.'

चूक. बरोबर उत्तर, 'पकड सुधारते.'

प्रश्न सात, 'एका सत्रात अपेक्षित मासे किती?' काकांनी लिहिलं, दोन. बरोबर उत्तर, 'जास्तीत जास्त.'

काकांना दहापैकी दोन मिळाले. त्यातला एक स्वच्छ अक्षराचा. त्यांच्या दंडाला पिवळी पट्टी बांधली. पिवळी म्हणजे ट्रेनी. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

प्रभाकररावांना दहापैकी दहा. काळा दगड त्यांच्या नावे झाला. मास्टर ट्रेनर झाले. शिट्टी मिळाली, खुर्ची मिळाली, आणि त्यांनी पिशवीचं कुलूप काढून सर्वांसमोर डबा उघडला. आत पीठ होतं. नुसतं गव्हाचं पीठ. आमच्याकडे दळणाला टाकतात ते.

मी म्हणालो, "प्रभाकरराव, तुम्ही तर म्हणायचात नव्यांना सांगितलं की मासे संपतात."

"ते अनौपचारिक सांगण्याबद्दल होतं," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवून दीड तास बोलले.

काका पिवळ्या पट्ट्यांच्या रांगेत मागे बसले होते. व्याख्यान संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चांगलं बोलतो रं. मासं धरत असंल का?"

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात डोहातला मासा संपला. एकही गळ हलेना. सरांना अजून लागलेला नव्हताच. त्यांचा फोन चालू असायचा.

आमच्याकडे काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतं. पाचव्याला मूळ कारण सापडतं. मीटिंग बसली. मासे लागत नाहीत. का? आमिष खात नाहीत. का? आमिषाजवळ येत नाहीत. का? प्रक्रिया पाळत नाहीत. का? त्यांना प्रक्रिया माहीत नाही. का? मूळ कारण: माशांचं प्रशिक्षण झालेलं नाही. जबाबदारी: संघर्ष. मुदत: तात्काळ.

मी म्हणालो, "सर, मासे संपलेत."

सर म्हणाले, "निगेटिव्ह बोलू नको."

फाइलवर अजून एक गोल डाग पडला होता.

त्या गुरुवारी काका डोहावर दिसले नाहीत. संध्याकाळी चाकण चौकात ट्रॅफिकला अडकलो होतो, तर शेजारच्या शेअर रिक्षात काका. मांडीवर पिशवी. पिशवीतून एक शेपूट बाहेर आलेलं, अजून ओलं.

"काका! कुठे लागला?"

त्यांनी सांगितलं. तिथल्या तिथे, रिक्षातून वाकून. कुठल्या फाट्याला उतरायचं, कुठल्या बांधावरून जायचं, कुठल्या झाडाखाली बसायचं. सिग्नल सुटेपर्यंत सगळं सांगून झालं.

"काका, असं कशाला सांगताय मला?"

"तू इचारलंस."

"मी कुणाला सांगितलं तर?"

"सांग की. नदी काय माझ्या बापाची हाय? फकस्त दोनाचं सांग त्यांला. आन् पोटुशीचं."

रिक्षा पुढे गेली. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. उलट असं वाटलं, कुणीतरी माझ्या खिशात जिवंत काहीतरी टाकलंय.

सरांना मी ती जागा सांगितली नाही. सांगायची नाही असं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवलं, म्हणून बरंही वाटत होतं.

*

सर मात्र थांबणारे नव्हते. "बाहेर होत नाही ना? मग इन-हाउस करू."

आमच्या प्लांटच्या मागे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे. शुद्ध झालेलं पाणी शेवटी एका हौदात येतं आणि त्या हौदात मासे सोडलेले आहेत. चिलापी, पंचवीस. प्रदूषण मंडळाचे लोक तपासणीला येतात, त्यांना दाखवायला. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. आकडे कुणी वाचत नाही, मासे सगळे बघतात. माझ्या मते आमच्या कंपनीत खऱ्या अर्थानं कायम असलेले तेवढेच.

सरांनी खुर्ची हौदाकाठी लावली. बोट दुमडलं. गोळी केली, गेजमधून पास केली, गळ टाकला. त्या माशांना आजवर फक्त सिक्युरिटीवाल्याच्या चहातलं बिस्कीट माहीत होतं. चार सेकंदांत लागला.

सर ओरडले. सतराव्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. एसओपी सिद्ध झाली. पेढे आले. मग अकाउंट्सवाले म्हणाले आमचं पण प्रशिक्षण घ्या. मग स्टोअर्स, मग पेंट शॉप, मग एचआर. ऋता मॅडम स्वतः काळ्या पेननं गोल भरत होत्या. दोन दिवसांत पंचवीस माणसांचे चारही भाग काळे झाले.

आणि हौदात पंचवीस मासे होते.

तिसऱ्या दिवशी, एकतीस मेला, सकाळी दहा वाजता तपासणी आली. एक साहेब, हातात पॅड. कागद बघितले, मशीन बघितल्या, हौदाशी आले. वाकले. पाणी आरशासारखं. आत काही नाही. स्वतःचाच चेहरा दिसला त्यांना.

"मासे कुठायत?"

सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

"पाण्यात मासे जगत नाहीत, असं लिहू?"

असं लिहिलं, की प्लांट बंद. सर माझ्याकडे वळले, खूप मायेनं. "साहेब, या प्रक्रियेचा ओनर हा आहे. सही बघा."

सहीची जागा मोठी होती. लांबूनसुद्धा दिसत होती.

मी खरं सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. "साहेब, पाणी चांगलंय. मासे मेले नाहीत, आम्ही धरले."

"पुरावा?"

पुरावा भरपूर होता. पंचवीस फोटो, पंचवीस गोल, गेज, एसओपी. साहेब एसओपी वाचायला लागले. पान उलटलं. परत मागे गेले. पॅड काखेत धरलं. आणि माझ्या लक्षात आलं, त्यांची तर्जनी आपोआप आत दुमडली होती.

"तुम्ही बाजूला या जरा," ते मला म्हणाले. हौदाच्या पलीकडे नेलं. आवाज बदलला. "अकरा वर्षं गळ टाकतोय मी. एक नाही लागला हो. बायको हसते. हे काका... ते आता कुठे बसतात?"

"साहेब, ते आता घरीच असतात."

"माझ्याकडे बघून बोला."

मागून सरांचा आवाज आला, "संघर्ष, सांगून टाक. जाणकारांनी नवख्यांना दिलंच पाहिजे!" त्यांच्या हातात माझी फाइल होती. पहिल्यांदाच वर कप नव्हता. पेनचं टोपण काढलेलं होतं.

मी साहेबांकडे बघितलं. मग पेनकडे बघितलं. घरी आई रोज विचारते, "झालं का रे?" तेवढंच विचारते, पुढे काही नाही.

मी सांगितलं. फाटा, बांध, झाड. सगळं. शेवटी म्हणालो, "साहेब, पण दोन लागले की उठायचं असतं. आणि पोट फुगलेली असेल तर—"

"ते मेलवर टाका," साहेब म्हणाले. ते झाडाचं नाव लिहून घेत होते.

अहवालात नोंद झाली, 'जलजीव: समाधानकारक.' दुपारी मला पत्र मिळालं. कायम.

*

पुढच्या गुरुवारी त्या झाडाखाली साहेब होते आणि त्यांच्या कार्यालयातले अकरा जण. प्रभाकरराव शिट्टी घेऊन आले होते, त्यांना मानधनावर बोलावलेलं. काका बांधावरून आले, तिथूनच बघितलं, आणि बांधावरूनच परत गेले. मला हाक मारली नाही. मीही मारली नाही.

नंतर पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार कस्तुराकाकूंनी उघडलं. पेढा घेतला आणि आत मान वळवून म्हणाल्या, "गळ माळ्यावर टाकला त्यांनी. आता दिसभर मला भाकरी थापायला शिकवत्यात. चाळीस वर्षं मी काय विटा थापत होते?"

काका खाटेवर बसले होते.

"कायम झालास न्हवं?"

"झालो."

"मग झालं तर." पेढा हातात तसाच धरला. "त्यांला दोनाचं सांगितलंस?"

"मेल केला, काका."

"वाचला का त्यांनी?"

"उघडल्याची खूण आली."

काकांनी पेढा अर्धा मोडून मला दिला.

मी चूक केली. मला कळतं, कुणी समजवायची गरज नाही. हा किस्सा मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलाय. कंपनीत, टपरीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सगळे हळहळतात. "वाईट झालं राव काकांचं." "तुझा तो सर म्हणजे ना." "लोकांना सोडायचं कळतच नाही रे." मग चहाचा एक घोट घेतात. इकडे तिकडे बघतात, जरा जवळ सरकतात आणि हळूच म्हणतात, "भावा, ते झाड नेमकं कुठलं?"

तुम्ही अजून विचारलं नाही. पण आत्ता जरासे पुढे सरकलात.